एकोणसाठ टोकं

डब्यात अकरा आमिषं होती. सात लाकडी मासे, प्रत्येकाच्या पोटाखाली दोन-दोन गळ. तीन पितळी चमचे, पाण्यात माशासारखे चमकणारे, शेपटाशी एकेक गळ. आणि वीतभर लांबीचा एक सांधेजोड मासा, त्याला तीन गळ. एकूण वीस. प्रत्येक गळाला तीन टोकं, म्हणजे साठ. पण एका चमच्याच्या गळाचं एक टोक गेल्या वर्षीच दगडाला लागून मोडलं होतं. राहिली एकोणसाठ. सोलान्जने झोपडीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, सगळी आमिषं मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडली आणि पुन्हा एकदा मोजली. पोलिनीच्या एका दुग्धशाळेत बावीस वर्षं ती दुधाचे नमुने तपासत होती. दोनदा मोजल्याशिवाय तिचा हात पुढे जात नसे.

काम सोपं होतं. गळाच्या टोकामागे एक उलटा काटा असतो. त्यामुळे माशाच्या तोंडात रुतलेला गळ सुटत नाही. मच्छीमार मंडळाने हिवाळ्यात ठराव केला होता की यंदा हंगामाच्या पहिल्या दिवशी उलटे काटे चेपलेलेच गळ पाण्यात जातील, म्हणजे सोडून दिलेला मासा जगेल. पक्कडीने एकेक काटा चेपायचा, एवढंच. तिच्या बापाला, फिर्मॅं जाकनोला, ते जमलं नसतं. साखरेच्या आजाराने त्याच्या दहाही बोटांची अग्रं बधिर झाली होती. शर्टाची बटणंसुद्धा तो आरशात बघून लावायचा. गावात हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक होऊ नये म्हणून तो चारचौघांत हात कायम खिशात ठेवायचा.

"झालं का गं?" त्याने बाहेरून, होडीतलं पाणी उपसता उपसता विचारलं.

"बारा झाले, पापा."

"काटाच चेप बरं का. टोकाला धक्का लावलास तर तुझी आई वरून ओरडेल."

"आईला गळाचं काय पडलं होतं?"

"तेही खरंच म्हणा." डबड्याने पाणी फेकल्याचा आवाज आला. "तिला माझंच कुठे पडलं होतं."

सोलान्जने हातातली पक्कड खाली ठेवली.  मग तिने खण उघडून तार कापायचा कटर काढला आणि पहिल्या गळापासून पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक टोकाचा शेवटचा दोन मिलिमीटर तुकडा. चट्. चट्. सव्वीस मिनिटं लागली. कापलेले तुकडे तिने दह्याच्या रिकाम्या वाटीत गोळा केले, एकोणसाठ भरले याची खात्री केली आणि शेगडीतल्या राखेत ओतले. आमिषं जशीच्या तशी डब्यात गेली. दोन हातांवरून पाहिलं तर काही कळत नव्हतं. फिर्मॅंचे डोळे एका हातावरूनही फारसं बघत नव्हते.

ही झोपडी दू नदीच्या मधल्या एका बेटावर होती आणि ती मंडळाच्या मालकीची होती. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी, म्हणजे तीन महिन्यांच्या बंदीनंतर शिकारी माशांवरची आमिषं पुन्हा पाण्यात पडतात त्या दिवशी, जो सगळ्यांत लांब ब्रोशे, म्हणजे नदीतला लांबट, दातेरी शिकारी मासा, पकडेल तो वर्षाचा राजा. राजाला झोपडीची किल्ली मिळे, पुढच्या वर्षीच्या त्याच शनिवारपर्यंत. पूर्वीचे राजे तिथे रविवारी दारू प्यायला जात. फिर्मॅं सहा वर्षांपूर्वी राजा झाला आणि तिथे राहायलाच गेला. मग सहाही वर्षं त्याने किल्ली सोडली नाही. गावातलं भाड्याचं घर त्याने केव्हाच सोडलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात तो धक्क्यावरून घसरला आणि कमरेपर्यंत चिखलात रुतला. चार तास. पायांनाही संवेदना नव्हती, त्यामुळे बूट निघून गेल्याचं त्याला समजलंच नाही. तो गुरुवार होता, सोलान्जचा यायचा दिवस, म्हणून सापडला. उजव्या पायाचं एक बोट कापावं लागलं. तेव्हापासून ती आठवड्यातून तीनदा पोलिनीहून चौतीस किलोमीटर यायची, इंजेक्शनं मोजायची, पाय तपासायची आणि चौतीस किलोमीटर परत जायची. पोलिनीतल्या वृद्धाश्रमाने एक खोली तीस एप्रिलपर्यंत राखून ठेवली होती. फिर्मॅंचं उत्तर ठरलेलं होतं.

"हरलो तर येईन. जिंकलो तर पुन्हा त्या खोलीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," ती म्हणाली होती.

शनिवारी सकाळी सव्वासहाला चौदा होड्या काठाशी बांधून तयार होत्या. चर्चची साडेसहाची घंटा होईपर्यंत एकही गळ पाण्यात जात नसे. काठ्या उभ्या धरून सगळे बसलेले, जणू प्रार्थनेलाच जमलेत. शेजारच्या होडीत बास्तियॅं होता. तिशीतला नळकामवाला, दोन पोरांचा बाप, गेली तीन वर्षं ओळीने दुसरा आलेला.

"जाकनोबाबा, यंदा तरी आम्हाला राजा होऊ द्या. बायको म्हणते, दुसरा येणाऱ्याशी लग्न करून चूक झाली."

"तुझी बायको आधी कोणाकडे बघत होती ते मला विचार," फिर्मॅं म्हणाला. "तिसऱ्याकडे."

आजूबाजूच्या होड्यांतून हसू फुटलं. "आणि ही काय, राजकन्येला वल्ही मारायला लावता?" बास्तियॅंने सोलान्जकडे हनुवटी केली.

"राजाला नोकर परवडत नाहीत."

घंटा झाली. तेरा काठ्यांचा एकदम सुस्कारा आणि लगेच तेरा ठिकाणी पाण्यावर टपटप. फिर्मॅं मात्र थांबला. त्याने डब्यातून पट्टेरी लाकडी मासा उचलला, पुढच्या गळाचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवलं आणि हळूच ओढलं. सगळे जुने लोक असंच करतात. टोक धारदार असेल तर नखात रुतून थांबतं, बोथट असेल तर घसरतं. त्याच्या गळाचं टोक नखावरून गुळगुळीत घसरून गेलं. सोलान्जने ते स्वच्छ पाहिलं. वल्ही तिच्या हातात थांबली.

"वस्तरा आहे," फिर्मॅं शेजारच्या होडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला आणि त्याने मासा पाण्यात फेकला.

पहिला ब्रोशे सात वाजून दहा मिनिटांनी आला. वाकलेल्या विलोच्या झाडाखाली पाणी फुगलं, काठी वाकली, दोन-तीन सेकंद वाकलेली राहिली आणि सरळ झाली. फिर्मॅंने आमिष ओढून घेतलं. लाकडावर दातांचे ताजे ओरखडे होते.

"जरा उशीर झाला माझा," तो म्हणाला. "झटका उशिरा दिला."

"होतं असं."

"मला नाही होत."

दुसरा आठला पाच मिनिटं कमी असताना. या वेळी त्याने झटका इतका लवकर आणि इतक्या जोराने दिला की तो स्वतःच बाकावरून मागे कलंडला. मासा पाण्याबाहेर अर्धा दिसला, त्याने डोकं झटकलं आणि आमिष उडून होडीत, सोलान्जच्या गुडघ्याशी येऊन पडलं. तिच्या मोज्याला गळाची तिन्ही टोकं लागली. एकही अडकलं नाही.

फिर्मॅं बराच वेळ स्वतःच्या उजव्या मनगटाकडे बघत राहिला. मग त्याने ते डाव्या हाताने दाबलं, जसं कोणी झोपलेल्या माणसाला हलवून बघावं.

"मनगट मेलं गं माझं," तो म्हणाला. "तुला काय वाटतं, काठीचा दोष असेल?"

ती हो म्हणू शकली असती. काठी जुनी होती, हो म्हटलं असतं तर खपून गेलं असतं.

"काठी गेल्या वर्षीचीच आहे, पापा," ती म्हणाली.

त्यानंतर दोन तास काही नाही. सूर्य वर आला. पाण्यावरचं धुकं गेलं. वरच्या बाजूला आरडाओरडा झाला आणि थोड्या वेळाने बातमी होडीहोडीतून खाली आली: बास्तियॅंला सत्त्याहत्तर सेंटिमीटरचा मिळाला. फिर्मॅंने सॉसेज आणि पावाचा तुकडा खाल्ला, हात विजारीला पुसले आणि सांधेजोड मासा काढला. तो त्याने स्वतः नाशपातीच्या लाकडातून कोरला होता, बोटं जिवंत होती तेव्हा. पुन्हा नख. पुन्हा तो गुळगुळीत प्रवास. सोलान्ज दुसरीकडे बघत राहिली.

"त्या दिवशी यानेच पकडला होता," तो म्हणाला. "चौऱ्याण्णवचा."

"मला माहीत आहे कुठल्या दिवशी."

सहा वर्षांपूर्वीचा हाच शनिवार. दवाखान्यातून सोलान्जने अकरा वाजता फोन केला होता, आई जातेय म्हणून. मंडळाचा माणूस होडी घेऊन निरोप द्यायला गेला. फिर्मॅं चार वाजता आला, हातांना माशाचा वास. आई दोनला गेली होती.

"मोजायला माणूस यायचा होता," तो आता म्हणाला. "जाळ्यात मासा होता, सोल. सोडून कसा येणार?"

सहा वर्षांत हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता.  तिने होडी बेटाच्या खालच्या टोकाशी, जिथे प्रवाह कमळपानांच्या कडेने वळतो, तिथे नेऊन उभी केली.

अकरा चाळीसला त्याने सांधेजोड मासा पानांच्या कडेला टाकला आणि संथपणे ओढायला लागला. होडीपासून दहा-बारा मीटरवर पाण्यात एक खळगा पडला. आवाज झाला नाही. काठी वाकली ती पाण्याला टेकेपर्यंत, आणि रीळ फिरायला लागलं.

"हा," फिर्मॅं म्हणाला. एवढंच.

मासा आधी खोल गेला, मग प्रवाहाच्या उलट्या दिशेला. होडी त्याच्यामागे फिरली. फिर्मॅंने झटका दिला नाही, दोरी ढिली पडू दिली नाही, नुसता ताण धरून ठेवला. सोलान्जला कळत होतं काय चाललंय. मोठा ब्रोशे आमिषाला गळ आहेत म्हणून धरत नाही, ते आपलं आहे म्हणून धरतो. दातांत आवळलेलं लाकूड तो सोडायला तयार नव्हता. जोवर ओढ आहे तोवर तो धरून ठेवणार होता, आणि आपल्या मनाने तोंड उघडलं की जाणार होता.

नऊ मिनिटांनी तो होडीच्या बाजूला वर आला. हिरवा, अंगावर पिवळट ठिपके, डोकं सोलान्जच्या मांडीइतकं रुंद. सांधेजोड मासा जबड्यात आडवा होता. तिन्ही गळ बाहेर, मोकळे, पाण्यात लोंबत होते.

"मीटरच्या वर आहे," फिर्मॅं कुजबुजला. त्याला गळ दिसत नव्हते, पण मासा दिसत होता.  "मीटर आठ, मीटर दहा. जाळं घे. डोक्याकडून. हळू."

तिने जाळं घेतलं. पाण्यात बुडवलं. जाळ्याची कडा माशाच्या नाकापासून तीन बोटांवर होती. फिर्मॅंने काठी मागे झुकवून मासा जाळ्यावर आणला, अगदी जसा आणायला हवा तसा. आता फक्त उचलायचं होतं.

"उचल."

ती माशाच्या डोळ्याकडे बघत होती. डोळा तिच्याकडे बघत नव्हता.

"सोल, उचल गं."

तिने मनात एक, दोन, तीन मोजलं. चारला माशाने तोंड उघडलं. सांधेजोड मासा अलगद बाहेर आला आणि पाण्यावर तरंगला. ब्रोशे क्षणभर तिथेच राहिला, जणू त्यालाही पटत नव्हतं. मग तो रिकाम्या जाळ्यावरून खाली बुडाला.

तेव्हा तिने जाळं उचललं. त्यातून पाणी गळालं.

 फिर्मॅंने दोरी गुंडाळली, आमिष डब्यात ठेवलं, डब्याची कडी लावायचा प्रयत्न केला. तीनदा केला. चौथ्यांदा सोलान्जने लावून दिली. बाराची घंटा झाली तेव्हा ते काठापासून दोनशे मीटरवर होते.

कॅफेत तळलेले बारीक मासे आणि पांढरी वाइन होती. मंडळाची अध्यक्ष ओदेत, पोस्टातून निवृत्त झालेली, अजूनही सगळ्यांशी खिडकीतून बोलल्यासारखी बोलणारी, तिने कागद वाचला. बास्तियॅं, सत्त्याहत्तर. दुसरा अडुसष्ट. तिसरा साठ, किमान लांबीच्या काठावर पास. "फिर्मॅं जाकनो," ती म्हणाली, चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. "शून्य."

फिर्मॅंने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. बास्तियॅंने ती उचलली, बघितली आणि मान खाजवली.

"हे बघा जाकनोबाबा, मला हिचं काय करायचंय? पोरं लहान आहेत. मी फार तर रविवारी येईन, तेही बायकोने सोडलं तर. तुम्ही राहा ना तिथे. चूल पेटती राहील." त्याने ओदेतकडे पाहिलं. "चालेल ना?"

"राजाची मर्जी," ओदेत म्हणाली. "नियमात कुठे नाही म्हटलंय."

सोलान्जने हातातला पेला खाली ठेवला. आवाज जरा मोठा झाला. फिर्मॅंने तिच्याकडे पाहिलं नाही. तो बास्तियॅंकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हळूहळू येत होतं ते सकाळपासून नव्हतं.

"भला माणूस आहेस तू," तो म्हणाला. "तुझ्या बायकोला सांगेन मी." मग तो वाकला, पायाशी ठेवलेला आमिषांचा डबा उचलून त्याने टेबलावर सरकवला. "हा घे. मला आता नाही जमत. मनगट गेलं. पण झोपडीत बसून बघायला जमेल. नाशपातीचा आहे त्यात, तो जपून वापर."

"अहो, नको."

"घे म्हणतो ना."

बास्तियॅंने डबा उघडला. चारपाच जण वाकून बघायला लागले. त्याने सांधेजोड मासा अदबीने उचलला, उलटसुलट केला, म्हणाला, "काय कोरलाय." आणि हाताला सवय म्हणून त्याने गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून ओढलं.

त्याने पुन्हा ओढलं. मग दुसरं टोक. मग खिडकीकडे वळून, उजेडात धरून पाहिलं. मग डब्यातला पट्टेरी मासा घेतला. मग चमचा.

"याला टोकंच नाहीत," तो म्हणाला. "एकालाही. कापलीत कोणीतरी."

 ओदेतने चमचा हातात घेतला. "कटरने," ती म्हणाली. "सरळ काप आहे. फिर्मॅं, तुझा डबा कोणाच्या हातात होता?"

फिर्मॅं तेव्हा मुलीकडे वळला. किती वेळ तो बघत होता ते तिने मोजलं नाही. तिने मान खाली घातली नाही. ते तिला नंतरही आठवत राहिलं, की आपण मान खाली घातली नव्हती.

"माझ्याच," फिर्मॅं म्हणाला. "कोणाच्या असणार?"

"म्हणजे?"

"काटे चेपायचे होते ना, तुमच्या ठरावाप्रमाणे. काल बसलो करत. डोळ्यांना दिसत नाही नीट. पक्कड समजून कटर घेतला असेन."

"सगळेच्या सगळे?" बास्तियॅंने विचारलं. "आणि सकाळी नखावर बघितलंत की. मी होतो शेजारी. वस्तरा आहे म्हणालात."

फिर्मॅंने दोन्ही हात खिशातून काढून टेबलावर, सगळ्यांसमोर ठेवले. बोटांची अग्रं पांढुरकी, मेणासारखी होती. एका बोटाला जुन्या भाजल्याचा फोड होता, त्याची त्याला कल्पना नसावी.

"कळत नाही मला," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. टोचलं तरी कळत नाही."

पलीकडच्या टेबलावर कोणीतरी हसलं. "साडेपाच तास. बिनटोकाच्या गळाने," तो कोणीतरी म्हणाला, आणि मग बाकीचेही हसायला लागले, आधी नाकातून, मग उघड. "मासे म्हणाले असतील, म्हातारा गुदगुल्या करतोय." फिर्मॅंही त्यांच्यात थोडा हसला.

ओदेत हसली नाही. तिने बास्तियॅंपुढची किल्ली उचलली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.

"बेटावर एकट्याने राहायचं नाहीस तू," ती म्हणाली. "शेगडीवर हात ठेवलास तरी कळायचं नाही तुला. उद्या काही झालं तर मंडळाच्या अंगाशी येईल. बास्तियॅं, तुला हवं तेव्हा माझ्याकडून घेऊन जा किल्ली. सोलान्ज, तुझ्याकडे खोलीचं काही बोलणं चाललं होतं ना?"

"तीस तारखेपर्यंत राखून ठेवली आहे," सोलान्ज म्हणाली.

"मग घेऊन जा त्याला. आजच ने."

झोपडीतलं सामान दोन पिशव्यांत बसलं. गाडीत फिर्मॅं पुढच्या सीटवर बसला होता, हात मांडीवर. अर्ध्या वाटेवर, द्राक्षांचे मळे लागतात तिथे, त्याने विचारलं, "सगळी?"

"सगळी," ती म्हणाली.

"वेळ लागला असेल."

"सव्वीस मिनिटं."

त्याने मान हलवली, जसं कोणी वाट विचारल्यावर सांगितलेलं समजलं म्हणून हलवतो. त्यानंतर त्या गोष्टीबद्दल तो तिच्याशी किंवा कोणाशी काही बोलला नाही. चौदा नंबरच्या खोलीची खिडकी गाड्या लावायच्या जागेकडे उघडायची. जेवण तिथे वेळेवर आणि चांगलं असे. सोलान्ज रोज संध्याकाळी कामावरून चालत येई, बारा मिनिटं लागत. ती त्याचे पाय तपासे. पायांवर एकही नवी जखम नव्हती. ताटातलं तो बाजूला सारायचा, अगदी नम्रपणे, भूक नाही म्हणून. डॉक्टरांनी रक्त तपासलं, पोटाचे फोटो काढले, काही निघालं नाही.

वृद्धाश्रमात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सगळ्यांचं वजन घेत आणि दाराच्या आत लावलेल्या कागदावर लिहीत. फिर्मॅंचं मे महिन्यात ७४.२ किलो. जून, ७१.०. जुलै, ६७.५. ऑगस्ट, ६३.१. सप्टेंबर, ५८.६. ऑक्टोबर, ५३.९.